खरं बोलायला वकील कायले? : एका इसारचिठ्ठीच्या दाव्याचा प्रकरण अभ्यास

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. हे प्रकरण ज्या कुटुंबाचं आहे त्यांना विचारून लिहिलं आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. गावात त्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून इथेही तेच. त्यांच्या घरच्यांना मी ‘वहिनी’ म्हणते.

पार्श्वभूमी

भाऊ पंचावन्नच्या पुढचे, शिक्षण सातवी. वडील गेले तेव्हा मागं पाच एकर कोरडवाहू वावर राहिलं. वारसाच्या फेरफारानं सातबाऱ्यावर चार नावं चढली: आई, भाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणी. कसणारे एकटे भाऊच, त्यामुळं गावाच्या लेखी वावर त्यांचं आणि त्यांच्या स्वतःच्या लेखीही त्यांचंच. ही चार नावं पुढं किती कामाची ठरली ते येईलच, पण कित्येक वर्षं त्यांच्याकडं कोणी पाहिलं नाही.

२०१९ चा जून. सोसायटीचं कर्ज थकलेलं, त्यामुळं नवं पीककर्ज मिळेना. कर्जमुक्तीची घोषणा झाली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात. पेरणी तोवर थांबत नाही. बियाणं, खत आणि मुलीच्या लग्नाचं राहिलेलं देणं, असं सगळं धरून भाऊंनी तालुक्याच्या गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याकडून दीड लाख रुपये घेतले. व्याज शेकडा तीन, महिन्याला. म्हणजे महिन्याचे ४,५०० रुपये. हा माणूस सावकारीही करतो हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत, पण परवाना नाही.

पैसे देताना त्यानं शंभराच्या स्टॅम्पवर इसारचिठ्ठी लिहून घेतली. त्यात मजकूर असा: रस्त्यालगतचं दोन एकर वावर भाऊंनी ४ लाख ८० हजारांना विकायचं ठरवलं, इसारापोटी दीड लाख रोख मिळाले, उरलेले ३ लाख ३० हजार घेऊन ३१ मार्च २०२० पर्यंत खरेदी करून द्यायची. साक्षीदार दोघंही व्यापाऱ्याच्या दुकानातले. व्याजाचा शब्द कुठंच नाही. ‘कागद नावापुरता आहे, पैसे फेडले की फाडून टाकू,’ असं तोंडी सांगितलं गेलं. विदर्भात ही रीत इतकी जुनी आहे की भाऊंना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांच्या वडिलांनीही एकदा असाच कागद करून दिला होता, आणि तो खरंच फाडला गेला होता.

पुढची दोन वर्षं भाऊंनी व्याज भरलं. कापूस विकला की सहा महिन्यांचं एकदम. नऊ महिन्यांचं व्याज रोख गेलं, त्याची पावती नाही. उरलेलं मुलानं फोनवरून पाठवलं: २७,०००, पुन्हा २७,००० आणि एकदा १३,५००. त्यातल्या पहिल्या रकमेपुढं पोरानं सहज एक शब्द टाकला होता, ‘व्याज’.

२०२१ च्या मध्यानंतर हप्ते थांबले. त्याच सुमारास वावरासमोरच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं आणि धुऱ्यालगतच्या जमिनीचे भाव चढले. चिठ्ठीतला भाव बाजारभावाच्या निम्म्यालाही पुरत नव्हता. व्याजाची मागणी बंद झाली आणि खरेदीची सुरू झाली.

अडचण कशी उभी राहिली

२०२२ च्या दिवाळीच्या आसपास रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली. भाऊंनी ती सही करून घेतली, मुलाकडून वाचून घेतली आणि देवघरामागच्या फडताळात ठेवली. त्यांचं म्हणणं, नोटीस वकिलाची आहे, कोर्टाची नाही, उत्तर द्यायची सक्ती नाही. सक्ती नसते हे खरं. पण त्या नोटिशीत ‘तुम्ही विक्रीचा करार केला आणि आता टाळाटाळ करता’ असं लिहिलं होतं, आणि त्यावर ‘हा विक्रीचा व्यवहार नव्हता, हे कर्ज होतं, व्याजापोटी एवढे पैसे दिले’ असं वेळेवर लेखी कळवण्याची पहिली संधी तिथं गेली. दावा लागल्यानंतर सांगितलेल्या गोष्टीला कोर्ट ‘आता सुचलं’ म्हणून पाहू शकतं. दावा लागण्याआधी कळवलेल्या गोष्टीला वेगळं वजन येतं.

जानेवारी २०२३ मध्ये बेलीफ समन्स घेऊन आला. सोबत अकरा पानांचं वादपत्र आणि इसारचिठ्ठीची झेरॉक्स. मागणी: कराराची पूर्तता करून द्या, म्हणजे उरलेले पैसे घेऊन खरेदीखत नोंदवून द्या.

गावात लगेच दोन मतं पडली. एक, चिठ्ठी रजिस्टर नाही म्हणजे तिला किंमत नाही. दोन, शंभराच्या स्टॅम्पवर वावर जात नसतं. दोन्ही मतं ठाम होती आणि दोन्ही चुकीची होती. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं जमिनीचं हस्तांतरण नोंदणीशिवाय होत नाही हे बरोबर, पण त्याच कायद्याच्या कलम ४९ च्या परंतुकात अशी सोय आहे की करारपूर्ततेच्या दाव्यात नोंदणी न झालेला कागदही कराराचा पुरावा म्हणून वाचता येतो. ‘रजिस्टर नाही न, मग काय भ्यायचं’ या एका वाक्यावर भाऊंनी पहिले तीन आठवडे घालवले.

कोणते पर्याय समोर होते

पेशीच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या, आठवडाभर आधी ओसरीवर बैठक बसली. भाऊ, वहिनी, मुलगा, पदविका झालेला पुतण्या आणि शेजारचे एक काकाजी. त्या रात्री काय काय बोललं गेलं ते वहिनींनी मला नीट सांगितलं आहे.

तालुक्यातल्या वकिलांनी पंचवीस हजार सांगितले होते, दहा आधी. घरात कापूस होता. पण ते वर्ष आठवा: आदल्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, या हंगामात भाव उतरले होते, आणि भाव चढेल या आशेनं कास्तकारांनी घराघरात कापूस भरून ठेवला होता. वकिलासाठी कापूस पडत्या भावात काढायचा, हे भाऊंना पटेना.

दुसरा पर्याय व्यापाऱ्याकडं जाऊन हात जोडण्याचा. तो होऊन गेला होता. ‘आता कोर्टातच काय ते,’ असं उत्तर मिळालं होतं.

मोफत वकिलाची गोष्ट पुतण्यानं काढली, पण ‘फुकटचा वकील कायचं काम करते’ म्हणून ती तिथंच संपली. ती कोणाला मिळते हेही कोणाला माहीत नव्हतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. भाऊ त्यात सहज बसत होते. अर्जाला पैसे लागत नाहीत. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय त्याच कोर्टाच्या आवारात आहे जिथं त्यांची पेशी होती.

राहिला चौथा पर्याय: तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनविसाकडून सातशे रुपयांत उत्तर लिहून घ्यायचं आणि स्वतः उभं राहायचं. कायदा त्याला आडवा येत नाही. आपली बाजू आपण स्वतः मांडण्याचा हक्क प्रत्येक पक्षकाराला आहे.

निवड पैशावरून झाली असं वरवर दिसतं. पण मी भाऊंना पुढं बरेचदा भेटले आणि माझी खात्री झाली की खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या मनात वकील म्हणजे खोट्याला खरं करणारा माणूस. आपली बाजू खोटी नाही, मग वकील लावला तर उलट आपलंच काहीतरी लपवायचं आहे असं दिसेल. त्यांचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं: “पैसे त घेतलेच न जी मी. खरं बोलायले वकील कायले लागते?”

या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं नाही. म्हणूनच मी हे प्रकरण लिहायला घेतलं.

काय केलं गेलं

अर्जनविसानं लिहून दिलेली लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, दीड पानाची आहे. मी तिची नक्कल अनेकदा वाचली. तिच्यात सगळं खरं आहे. ‘वादीस इसारचिठ्ठी करून दिली हे खरे आहे. त्यावर माझी सही आहे हे खरे आहे. इसारापोटी रु. १,५०,००० मिळाले हे खरे आहे. परंतु नापिकीमुळे व घरच्या अडचणीमुळे मी खरेदी करून देऊ शकलो नाही. मी गरीब शेतकरी असून माझ्यावर दया करावी. मी पैसे हळूहळू परत करण्यास तयार आहे.’

आता दिवाणी कोर्टाच्या नजरेनं हे वाचायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ चा नियम असा की वादपत्रातली जी गोष्ट तुम्ही नेमकेपणानं नाकारत नाही ती तुम्ही मान्य केली असं धरलं जातं. भाऊंनी नाकारलं तर काहीच नव्हतं. उलट ‘इसारापोटी’ हा शब्द त्यांच्या तोंडी आला, आणि त्यानं हा विक्रीचा व्यवहार होता हे त्यांनीच कबूल केलं. ‘घरच्या अडचणीमुळे खरेदी करून देऊ शकलो नाही’ म्हणजे करार मोडल्याचीही कबुली. कर्ज हा शब्द नाही. व्याज नाही. फोनवरून गेलेले ६७,५०० नाहीत. सातबाऱ्यावरची बाकीची तीन नावं नाहीत.

अर्जनविसाला मी दोष देत नाही. तो माणूस रोज रेशनकार्डाचे, फेरफाराचे, नुकसानभरपाईचे अर्ज लिहितो, आणि त्या अर्जांत ‘मी गरीब शेतकरी, दया करावी’ हे वाक्य चालतं, कधी कधी कामही करतं. दाव्यात ते चालत नाही. आधी करारपूर्ततेचा आदेश द्यायचा की नाही याची थोडी मोकळीक न्यायाधीशांना होती, प्रतिवादीवर फार अन्याय होत असेल तर तेही पाहता यायचं. १ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट अनुतोष कायदा बदलला आणि ती मोकळीक बरीचशी गेली. भाऊंची चिठ्ठी २०१९ ची. ज्या दयेवर त्यांनी सारी भिस्त ठेवली, तिला कायद्यात जागाच फार उरली नव्हती.

न्यायाधीशांनी त्यांना दोनदा विचारलं होतं, वकील हवा का, सरकारी खर्चानं देता येईल. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं ते लिहितात त्या कोर्टाच्या कागदात, तशी नोंद आहे. भाऊंनी हात जोडून सांगितलं, नको जी, माझं मीच पाहतो. न्यायाधीश तिथून पुढं जाऊ शकत नाहीत. ते एका बाजूचे वकील होऊ शकत नाहीत, हे भाऊंना फार उशिरा कळलं. त्यांना वाटत होतं, साहेब शहाणे आहेत, खरं काय ते ओळखतील.

उलटतपासाच्या दिवशी भाऊंनी व्यापाऱ्याला एकच प्रश्न विचारला: “तुम्ही माह्याकडून व्याज घेत होते का नाही?” उत्तर आलं, नाही. भाऊ खाली बसले. शपथेवर माणूस धडधडीत खोटं बोलेल हे त्यांना झेपलंच नाही. विचारायचं बरंच होतं. व्याज नाही, तर माझ्या मुलाच्या फोनवरून तुमच्या खात्यावर आलेले २७ हजार कशाचे? खरेदीसाठी ३ लाख ३० हजार तुमच्याकडं तयार होते का, कोणत्या खात्यात? सातबाऱ्यावर चार नावं असताना एकाचीच सही का घेतली? करारपूर्तता मागणाऱ्यानं आपण सतत तयार आणि राजी होतो हे सिद्ध करायचं असतं. ती कायद्याची अट आजही कायम आहे. पण प्रश्नच आला नाही तर वादीचं शपथपत्र तसंच उभं राहतं.

त्यानंतर भाऊंच्या साक्षीची वेळ होती. एका पेशीला हरभऱ्याची मळणी निघाली म्हणून गेले नाहीत. दुसऱ्या पेशीला सकाळी साडेदहाला हजर होते, पण कोर्टाची खोली त्या दिवशी वरच्या मजल्यावर हलवली होती. ते जिन्याखालच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसले. वर पुकारा झाला तो त्यांना ऐकू आला नाही. पाच वाजता पट्टेवाल्यानं सांगितलं, तुमचं तर सकाळीच झालं. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. झालं होतं ते असं, की प्रतिवादीचा पुरावा बंद झाल्याचा आदेश झाला होता. असा आदेश उठवून मागता येतो, लगेच अर्ज करावा लागतो. तो केला गेला नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर निकाल लागला. दोन महिन्यांत उरलेले पैसे घेऊन खरेदी करून द्या, न दिल्यास कोर्टामार्फत खरेदीखत होईल. भाऊ निकालाला हजर नव्हते. त्यांना कळलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, म्हणजे दरखास्तीची नोटीस दारात आली तेव्हा. जिल्हा न्यायालयात अपील करायची मुदत निकालापासून ३० दिवसांची, नकला मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. ती कधीच उलटली होती.

वळण

त्याच महिन्यात गावात बचत गटाच्या बायकांसाठी कायदेविषयक शिबिर होतं आणि मी तिथं बोलायला गेले होते. सगळ्या उठून गेल्यावर वहिनी मागं थांबल्या. नायलॉनच्या पिशवीतून त्यांनी दरखास्तीची नोटीस काढली. “ताई, यायनं कोर्टात खरं खरं सांगतलं हो सगळं. तरी बी वावर जाते का आमचं?”

आम्ही तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढला, विधी सेवेचा अर्ज केला, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अपिलासाठी पॅनेलवरच्या वकील बाई मिळाल्या. भाऊंची मोफत वकिलाबद्दलची शंका पहिल्या भेटीत गेली, कारण खुर्चीवर बसल्या बसल्या बाईंनी विचारलं, सातबारा आणला का? तोवर त्या दाव्यात भाऊंना हे कोणी विचारलं नव्हतं. चार नावं पाहून त्या काही क्षण गप्प बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, बँकेत जाऊन तीन वर्षांचा खातेउतारा घेऊन ये.

उतारा आल्यावर त्यांनी कागदावर मांडलं: २७,००० भागिले ४,५०० म्हणजे सहा. पुन्हा सहा. १३,५०० म्हणजे तीन. दीड लाखावर शेकडा तीन, बरोबर पंधरा महिने. इसार देणाऱ्याला इसार घेणारा पैसे का पाठवेल, आणि तेही व्याजाच्या पटीत? हा कागद पाहताना भाऊंच्या मुलानं डोक्याला हात लावला. हे सगळं पहिल्या दिवसापासून त्याच्या खिशात होतं.

पण अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेता येत नाही. कनिष्ठ न्यायालयात देता येत असताना का दिला नाही, याचं कारण पटवावं लागतं. आणि लेखी कैफियतीत कर्जाचा उल्लेखच नसेल तर पुरावा कशाला जोडायचा? एकदा दिलेली कबुली काढून घेता येत नाही, फार तर तिचा अर्थ समजावून सांगता येतो. बाईंनी दीड पानाची ती कैफियत पुन्हा पुन्हा वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं: ‘परत’. ‘पैसे परत करण्यास तयार आहे.’ जमीन विकणारा माणूस पैसे परत करण्याची भाषा आपणहून का करेल? मी भाऊंना विचारलं तेव्हा कळलं की बाकीची वाक्यं अर्जनविसाची होती, हे शेवटचं भाऊंनी स्वतः सांगून घालायला लावलं होतं. त्यांचं जे खरं होतं ते त्या एकाच शब्दात कैफियतीत उतरलं होतं.

कायद्यात याला आधार होता. लेखी करारापुढं तोंडी पुरावा चालत नाही असा सर्वसाधारण नियम आहे, पण सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये कर्जासाठी करून दिलेल्या नाममात्र खरेदीखताच्याच एका प्रकरणात सांगितलं की कागदात लिहिलेला व्यवहार मुळात करायचाच नव्हता, खरा व्यवहार वेगळाच होता, हे दाखवायला तोंडी पुरावा देता येतो. भाऊंची सगळी बाजू या निकालात बसत होती. कैफियत लिहितानाच हे मांडलं असतं तर दावा दुसऱ्याच वाटेनं गेला असता.

बाईंनी अपील, विलंब माफीचा अर्ज, स्थगितीचा अर्ज, कैफियतीत दुरुस्तीचा अर्ज आणि बँकेचे उतारे दाखल करण्याचा अर्ज, असं सगळं एकदम लावलं. नुसतं अपील दाखल केल्यानं अंमलबजावणी थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते, हे मी त्या वेळी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. त्यातच आई आणि दोन बहिणींनी वेगळा दावा केला: या जमिनीत आमचाही हिस्सा आहे, आम्ही सही केलेली नाही. त्या महिला म्हणून त्यांनाही वकील मोफत मिळाला. बहिणींना मनवायला वहिनींना दोन वेळा त्यांच्या सासरी जावं लागलं, कारण भावाविरुद्ध कोर्टात जायचं असं त्यांना वाटत होतं. दावा भावाचं वावर वाचवायला आहे हे समजावताना त्यांना त्यांचा हिस्सा खरोखर आहे हेही सांगावं लागलं, आणि ते भाऊंनी स्वतः सांगितलं. या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडलेलं हेच.

निष्पत्ती

विलंब थोडा दंड बसून माफ झाला, स्थगिती मिळाली. बहिणींचा दावा लागल्यावर व्यापाऱ्याच्या लक्षात आलं की हुकूमनामा टिकला तरी पूर्ण दोन एकर हाती लागणार नाहीत. तो बोलणीला तयार झाला. डिसेंबर २०२४ च्या लोकअदालतीत तडजोड झाली: भाऊंनी २ लाख ६० हजार दोन हप्त्यांत द्यायचे, व्यापाऱ्यानं हुकूमनाम्याचा हक्क सोडायचा, बहिणींचा दावा मागं घ्यायचा. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी बाईंनी प्रत्येक अट भाऊंना वाचून दाखवली आणि त्यांच्याकडून उलट सांगून घेतली.

वावर वाचलं. पण हिशेब मांडला तर दीड लाखापोटी भाऊंनी दोन वर्षांचं १ लाख ८ हजार व्याज दिलं आणि वर २ लाख ६० हजार. पहिला हप्ता कापूस आणि तुरीतून गेला. दुसऱ्यासाठी बैलजोडी विकली आणि धाकट्या बहिणीनं थोडे दिले.

विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडं तक्रार करता येते. भाऊंनी ती केली नाही. तडजोड मोडेल ही भीती होती. त्यांचा निर्णय मी समजू शकते, तरी हा माणूस अजून तसेच कागद लिहून घेतो आहे हे माहीत असताना मला तो पचत नाही.

कुठं वेगळं करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात महागात पडली ती लेखी कैफियत. त्या दीड पानानंतरच्या चुका सुधारण्यासारख्या होत्या, हिची सुधारणा अपिलातही अर्धीच होऊ शकली. समन्स मिळाल्यापासून कैफियत द्यायला ३० दिवस असतात, कारण सांगितल्यास ९० पर्यंत वाढवून मिळतात. भाऊंनी घाईनं पहिल्याच पेशीला दिली, कारण न दिल्यास अटक होईल असं कोणीतरी सांगितलं होतं. पहिल्या पेशीला नुसता मुदतीचा अर्ज देऊन खालच्या मजल्यावरच्या विधी सेवा समितीत गेले असते तरी पुरे होतं. कापूसही विकावा लागला नसता.

पूर्ण दाव्यासाठी वकील परवडत नसेल तर निदान कैफियत लिहिण्यापुरता सल्ला घ्यावा, असं मी आता शिबिरात सांगते. सोबत काय न्यायचं तेही सांगते: समन्ससोबत आलेले सगळे कागद, सातबारा आणि फेरफार, बँकेचा उतारा, फोनवरच्या देवाणघेवाणीच्या नोंदी. आपल्याला महत्त्वाचं वाटत नाही तेही न्यायचं. ‘व्याज’ हा शब्द कोणालाच महत्त्वाचा वाटला नव्हता.

स्वतः उभं राहायचंच असेल तर प्रत्येक पेशीला रोजनामा वाचून घ्यायचा, नुसती पुढची तारीख विचारून परत फिरायचं नाही. भाऊंनी त्या दिवशी संध्याकाळी एवढं केलं असतं तर पुरावा बंदचा आदेश आठवड्यात उठवता आला असता.

माझ्याकडूनही एक राहिलं. त्या गावात आम्ही आधी एकदा शिबिर घेतलं होतं, दुपारी दोन वाजता, शाळेत. त्या वेळी माणसं वावरात असतात. बायका आल्या, पुरुष नाहीत. आता आम्ही रात्री आठला, पारावर घेतो, आणि आसपासच्या अर्जनविसांनाही बोलावतो. त्यांच्याकडं १५१०० या विधी सेवेच्या फोन क्रमांकाची पाटी लावली आहे. भाऊंची कैफियत लिहून देणाऱ्यानं ती सगळ्यात आधी लावली. दाव्याचा कागद आला की तो आता लिहून देत नाही, कोर्टातल्या समितीकडं पाठवतो.

भाऊंशी शेवटचं बोलणं जुलैमध्ये झालं. दुसरा हप्ता भरल्याची पावती वहिनींनी प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवली आहे, निवाड्याची नक्कल आणि सातबारा त्याच फोल्डरात. मी भाऊंना त्यांचा जुना प्रश्न आठवण करून दिला. थोडा वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, “खरं मलेच माहीत होतं न ताई. कोर्टाले कसं माहीत राहीन?”

मूळ इसारचिठ्ठी अजून कोर्टाच्या फायलीत आहे. तडजोडीच्या अटीप्रमाणं ती रद्दचा शेरा मारून भाऊंच्या हाती यायची आहे. तिच्यासाठी बाईंनी अर्ज दिला आहे. तारीख पोळ्यानंतरची आहे.